बेळगाव भागातल्या बँड मालकांना खुलं पत्र : जुनी पितळी वाद्यं काट्यावर चढवू नका

नमस्कार मालक मंडळी,

बेळगाव, शहापूर, वडगाव, खानापूर, नंदगड, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, जिथं जिथं बँड कंपनी आहे किंवा एकेकाळी होती तिथल्या सगळ्या मालकांना हे पत्र आहे, आणि ज्या घरात आता मालक राहिले नाहीत पण माळ्यावर वाद्यं पडून आहेत त्या घरच्यांना पण. मी जुनी पितळी वाद्यं गोळा करतो, नीट करून घेतो आणि वाजवतो, कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच पण आखूड दिसणारं वाद्य) आणि युफोनियम (त्याहून मोठं, जाड आवाजाचं वाद्य) जास्त, बाकीची जमेल तशी. आता सरळ मुद्द्यावर येतो. आपल्या भागातली जुनी वाद्यं किलोच्या भावानं भंगारात चालली आहेत आणि त्यातली बरीचशी चांगली वाजणारी आहेत. कुणाला विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "सुरात लागत नाही ओ, ठेवून काय करू." मालक, ती वाद्यं बेसूर नाहीत. त्यांचा सूर जुन्या मापाचा आहे आणि ते माप आजच्या मापाला आणता येतं. एवढं समजून घ्या आणि मग काय ते ठरवा, कळकळीनं सांगतोय.

थोडं खोलात जाऊन सांगतो, कारण हे कुणी सांगतच नाही. आज सगळीकडे जो सूर चालतो, म्हणजे कीबोर्ड, ट्यूनर, मोबाईलमधलं ॲप, त्यात हार्मोनियमची पांढरी 6 म्हणजे सेकंदाला 440 कंपनं. हे 440 ठरलं 1939 मध्ये लंडनच्या परिषदेत. त्याच्या आधी इंग्लंडातल्या फौजी बँडांचा नि ब्रास बँडांचा सूर चढा होता, 452 च्या थोडा वर, त्याला ते लोक हाय पिच म्हणायचे. आणि 1939 मध्ये ठरलं म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं बदललं असंही नाही, तिथल्या ब्रास बँडवाल्यांनी 1960 च्या दशकापर्यंत तोच चढा सूर धरून ठेवला होता कारण सगळी वाद्यं एकदम बदलणं कुणाला परवडणार. म्हणजे आपल्याकडं कॅन्टोन्मेंटमधून, लिलावातून, मुंबईच्या दुकानांतून जो जुना विलायती माल आला त्यातला बराचसा या चढ्या सुराचा. 440 आणि 452 मधला फरक म्हणजे जवळजवळ अर्ध्या स्वराचा निम्मा. त्यामुळं होतं काय, बी फ्लॅटची कॉर्नेट कुठलाही पिस्टन (बोटानं दाबायची कळ) न दाबता वाजवली की सूर काळी 5 ला पडायला पाहिजे, तो पडतो काळी 5 आणि पांढरी 7 च्या बरोबर मधे. ना इकडचा ना तिकडचा. ऐकणाऱ्याला वाटतं वाद्य बिघडलं, वाजवणाऱ्याला वाटतं आपले ओठ बिघडले.

पूर्वी याचा कुणाला त्रास झाला नाही कारण अख्खा ताफाच चढ्या सुराचा होता. कॉर्नेट, टेनर, युफोनियम, बास सगळी एकाच घरातली असल्यासारखी, क्लॅरिनेटवाला पण त्यांच्यात मिसळून जायचा. गडबड झाली ती स्पीकरची ट्रॉली आल्यावर. ट्रॉलीवर कॅसिओ म्हणजे कीबोर्ड आला, माईकवर गाणारा आला, आणि कॅसिओ तर 440 लाच बसलेला. मग मास्तरनं मेरठहून नवीन ट्रम्पेट मागवले, जुनी कॉर्नेट खिळ्याला अडकली, खिळ्यावरून माळ्यावर आणि माळ्यावरून पोत्यात. आता त्या ट्रॉलीवाल्यांना पण डॉल्बीनं मागं ढकललंय तो विषय वेगळा, त्यावर सगळेच बोलतात, मी बोलत नाही.

तर उपाय. कॉर्नेटची एकूण नळी साधारण 1.35 मीटर असते. सूर चढा म्हणजे नळी आखूड, आणि किती आखूड तर फक्त चारेक सेंटिमीटर! मेन ट्यूनिंग स्लाईड, म्हणजे आत-बाहेर सरकणारी वाकडी नळी, दोन पायांची असते म्हणून ती दोन सेंटिमीटर बाहेर ओढली की चार सेंटिमीटर नळी वाढली, झालं काम. पुष्कळ कॉर्नेटची स्लाईड तेवढी बाहेर येते पण ती वर्षानुवर्षं आत अडकून बसलेली असते म्हणून कुणाला कळत नाही की ती हलते. मग पहिल्या आणि तिसऱ्या पिस्टनची स्लाईड पण दोन-तीन मिलिमीटर ओढायची, दुसऱ्याची अगदी किंचित, नाहीतर मोकळा सूर लागेल आणि दाबलेले सूर चढे राहतील. युफोनियमची नळी कॉर्नेटच्या दुप्पट, तिथं चारेक सेंटिमीटर ओढावं लागतं, तेवढी स्लाईड आत असेलच असं नाही, तर कुठल्याही चांगल्या कारागिराकडून लांब पायांची दुसरी स्लाईड करून घ्यायची. जुनी स्लाईड मात्र फेकू नका, कापू पण नका, गुंडाळून वाद्याबरोबर ठेवा.

वाद्य बेसूर वाटण्याचं दुसरं कारण माऊथपीसचं, म्हणजे ओठाला लावायच्या तुकड्याचं. जुन्या कॉर्नेटचं मूळ माऊथपीस हरवलेलं असतं, मग त्यात ट्रम्पेटचं घालतात. ट्रम्पेटच्या माऊथपीसची दांडी जाड, ती कॉर्नेटमध्ये पूर्ण बसत नाही, निम्मी बाहेर राहते, आणि मग सूर वर-खाली पळतात, वरचा सा एकीकडं आणि खालचा भलतीकडं. जुन्या युफोनियमचं उलट, त्यात आजच्यापेक्षा बारीक दांडी लागते. कुणी दोरा गुंडाळतं, कुणी कागद लावतं, आणि शेवटी वाद्याला शिव्या. योग्य माऊथपीस घालून बघितल्याशिवाय कुठल्याही वाद्यावर शेरा मारू नका.

आणि पिस्टन घट्ट आहेत का गेलेत हे बघायला मास्तर पण लागत नाही. पिस्टन न दाबता त्याची स्लाईड थोडी बाहेर ओढा, धरून ठेवा आणि मग पिस्टन दाबा. "फट्" असा आवाज आला तर आत हवा धरते, पिस्टन चांगला आहे. काहीच आवाज आला नाही तर झिजलाय. मी माळ्यावरून काढलेल्या कितीतरी वाद्यांवर हे करून बघितलंय, धूळ एवढी की रंग कळत नाही, आणि पिस्टन कोमट पाण्यानं धुऊन तेल घातल्यावर "फट्" वाजतोच. त्या जुन्या लोकांनी काम तसं केलंय.

आता जे मी डोळ्यानं बघितलं ते सांगतो. आपल्याच तालुक्यातल्या एका भंगाराच्या गोडाऊनमध्ये गेलो होतो, तिथं एका बाजूला फ्रीजचे कॉम्प्रेसर, एका बाजूला तांब्याच्या तारा, आणि मधे एका पोत्यात बँडचं सामान. पोरगं एकेक वाद्य काढायचं, भोंगा जमिनीवर ठेवायचं, त्यावर पाय द्यायचं, भोंगा चपटा झाला की नळी गुडघ्यावर वाकवायची आणि परत पोत्यात. का तर जागा कमी लागते. त्या पोराचा काय दोष, त्याला ते पितळच आहे. त्यातून एक युफोनियम मी हातात घेतला तेव्हा भोंगा गेला होता पण मधला भाग शाबूत होता, चार पिस्टन, आणि पिस्टनच्या मागच्या बाजूला बारीक बारीक जादा नळ्यांची वेटोळी. बघितल्यावर पोटात कालवलं. तो कॉम्पेन्सेटिंग युफोनियम होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पिस्टनच्या वाद्यात एक मूळ अडचण असते, एकेक पिस्टन वेगळा दाबला तर सूर बरोबर येतो पण दोन-तीन एकदम दाबले की नळी कमी पडते आणि सूर चढतो. लंडनच्या बूसी कंपनीत डेव्हिड ब्लेकली म्हणून गृहस्थ होते, त्यांनी 1874 मध्ये याच्यावर पेटंट घेतलं. युक्ती अशी की शेवटचा पिस्टन दाबला की हवा परत एकदा बाकीच्या पिस्टनमधून फिरून येते आणि जेवढी नळी कमी पडत होती तेवढी छोट्या वेटोळ्यांतून आपोआप मिळते. वाजवणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. आजसुद्धा जगातले वरच्या दर्जाचे युफोनियम याच पद्धतीवर बनतात आणि नवीन घ्यायचा म्हटलं तर लाखांत जातो. आणि आपल्याकडं तीच वेटोळी बघून "ह्यात काहीतरी जादा बसवलंय, ह्यामुळंच फुंकर जड जातेय" म्हणून काढून टाकणारे, भोकं बुजवून टाकणारे लोक आहेत. मालक, कृपा करून असं कुणाला करू देऊ नका. चार पिस्टन आणि मागं वेटोळी दिसली की समजायचं हा माल जपायचा आहे.

भोंग्यावर काय कोरलंय ते वाचा. नुसतं "बूसी अँड कंपनी" किंवा नुसतं "हॉक्स अँड सन" असेल तर वाद्य 1930 च्या आधीचं, कारण 1930 मध्ये त्या दोन कंपन्या एक झाल्या आणि पुढं "बूसी अँड हॉक्स" असं नाव पडायला लागलं. "बेसन" असं कंपनीचं नाव असेल आणि खाली 198 युस्टन रोड असा लंडनचा पत्ता असेल तर तोही जुना चांगला माल. कुठल्यातरी पलटणीचा नंबर असेल तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल. मराठा पलटणींना 1903 ते 1922 या काळात 103, 105, 110, 114, 116, 117 असे नंबर होते, 1922 मध्ये ते नंबर जाऊन सगळ्यांची मिळून पाचवी मराठा लाईट इन्फंट्री झाली. म्हणजे असला आकडा आणि मराठा असं नाव तुमच्या वाद्यावर सापडलं तर ते वाद्य शंभर वर्षांच्या वरचं आहे हे तिथल्या तिथं कळतं, कुणा तज्ज्ञाची गरज नाही. आपल्या गावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आहे, त्यांच्या बिल्ल्यावरच बिगुल आहे, तिथला बँड वाजायला लागला की रस्त्यावरचा माणूस थांबतो, आणि त्याच पलटणीचं नाव असलेलं पितळ आपण वितळवायला पाठवायचं? हे मला पटत नाही.

मेरठच्या मालाबद्दल पण बोलायला पाहिजे कारण त्याला लोक उगाच हलका समजतात. मेरठच्या जली कोठी भागात पिढ्यान्‌पिढ्या बँडची वाद्यं बनतात, नादिर अली अँड कंपनी तर 1885 पासूनची. त्यांच्या जुन्या मालाचा पत्रा जाड, हातानं ठोकलेला, भोंगा कितीदा चेपला तरी परत सरळ होतो. माझ्याकडं एक मेरठची जुनी कॉर्नेट आहे, तिचं रूप काही खास नाही पण मधल्या सप्तकात जो गोडवा आहे तो मला महागड्या ट्रम्पेटमध्ये पण मिळालेला नाही. कॉर्नेटची नळी भोंग्याकडं हळूहळू रुंद होत जाते, ट्रम्पेटची बरीचशी एकसारखी, म्हणून ट्रम्पेट टोचतो आणि कॉर्नेट गाते. आरती, अभंग, भैरवी, जिथं मींड पाहिजे तिथं कॉर्नेटच. अर्धा पिस्टन दाबून सूर ओढायची आपल्या जुन्या मास्तरांची जी पद्धत होती ती त्याच वाद्यावर जमते आणि ती शिकवणारे हात आता थोडे राहिलेत. सनई-डफ वाजवणाऱ्या घराण्यांनी कुठल्याही शाळेत न जाता, नोटेशन न वाचता, कानावर घेऊन ही विलायती वाद्यं आपलीशी केली, लग्नाच्या वरातीत, जत्रेत, गणपतीच्या मिरवणुकीत पार मध्यरात्रीपर्यंत उभ्यानं वाजवली, आणि त्याची नोंद कुठंच नाही. वाद्यं पण गेली तर मागं काय राहणार, दोन-चार लग्नाचे फोटो?

आता साफसफाई. हे तर मी हात जोडून सांगतो. गिऱ्हाईक यायच्या आधी वाद्य चमकवायचं म्हणून बफिंग मशीनवर धरतात. बफिंगनं पितळेचा थर जातो, भोंग्याचा पत्रा कागदासारखा पातळ होतो, कोरलेलं नाव, नंबर, पत्ता सगळं पुसून जातं. जुन्या वाद्यावर कधीकधी चांदीचा मुलामा असतो, काळा पडलेला असतो म्हणून लोकांना वाटतं घाण आहे, आणि घासून घासून खालचं पितळ वर काढतात. चिंच, लिंबू, ॲसिड लावू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आंबटानं जस्त निघून जातं आणि गुलाबी डाग पडतात, तिथून पत्रा ठिसूळ होत होत भोक पडतं. तसले गुलाबी डाग माऊथपीसजवळच्या नळीवर दिसले तर आतून पण तीच अवस्था आहे असं समजा, ती नळी बदलता येते, त्यासाठी अख्खं वाद्य टाकायचं कारण नाही. धुवायचं तर कोमट पाणी आणि थोडा साधा साबण, उकळतं नाही. माऊथपीस अडकलं तर पक्कड लावून पिरगळू नका, पुढची नळी पिळली जाते, त्याला ओढून काढायचं हत्यार असतं, नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा पण थांबा. पिस्टनवर 1, 2, 3 आकडे असतात, ते ज्याच्या त्याच्या घरातच घालायचे, अदलाबदल झाली की फुंकर जातच नाही आणि मग "हे गेलं" म्हणून परत पोतं. आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे, खानापूरकडं तर चार महिने भिंतीला ओल, तेव्हा वाद्यं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत पाणी धरून हिरवं चढतं. सुती कापड बास.

अजून एक प्रकार वाढलाय, हॉटेल नि फार्महाऊसवाले शोभेसाठी घेतात. भोंग्याला भोक पाडून आत बल्ब. वितळण्यापेक्षा बरं असं काहीजण म्हणतात, मला नाही वाटत बरं. तुताऱ्या आणि शिंगांची पण तीच गत आहे, शिवजयंतीच्या चित्ररथापुढं तुतारी वाजली की सगळ्यांचे फोन वर होतात पण जुन्या ठोकीव तुताऱ्या कुणाच्या दिवाणखान्यात चालल्यात ते कोण बघत नाही.

पैशाचं मला कळतं. सीझन चार महिन्यांचा, पोरांचे पगार, गाडीभाडं, ड्रेस, आणि ऑर्डर कमी झालेल्या. पितळेचा भाव चढला की माळ्यावरचं पोतं डोळ्यापुढं येणारच, तुम्हाला कुणी नावं ठेवू शकत नाही. म्हणूनच मी "विकू नका" म्हणत नाही, किलोवर विकू नका म्हणतोय. वाजणारी जुनी कॉर्नेट तिच्या पितळेपेक्षा कितीतरी जास्त किमतीची असते, भंगारवाल्यानं सांगितलेल्या भावाच्या वर मागा, अवघडून जाऊ नका, वाजवणारी माणसं देतात, मी स्वतः देतो. आणि एकदम सगळी देऊ नका, निदान एक जोडी घरात ठेवा, नातवंडांना कधीतरी विचारायचं सुचेल की आजोबा काय वाजवत होते.

गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना पण इथंच एक ओळ. आपल्या बेळगावात 1905 मध्ये झेंडा चौकात लोकमान्यांनी सार्वजनिक गणपती सुरू केला असं आपण अभिमानानं सांगतो, मग विसर्जनाच्या मिरवणुकीत कपिलेश्वर तलावाकडं जाताना एखाद्या मंडळानं तरी फक्त जुन्या पितळी वाद्यांचा ताफा लावून बघावा. कॅसिओ नाही, माईक नाही. सगळी वाद्यं चढ्या सुराची एकत्र आली तर स्लाईड ओढायची पण गरज नाही, ती एकमेकांशी लागलेलीच आहेत. वाजवणारे मिळतील, फौजेच्या बँडमधून रिटायर झालेले लोक आपल्याच गल्ल्यांत राहतात, त्यांना फक्त कुणीतरी जाऊन विचारायला पाहिजे, आणि पोरं पण शिकतात, मी बघितलंय, कॉर्नेटवर पहिला स्वच्छ सा निघाला की पोरगं घरी जायचं नाव घेत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, त्याच्या आधी तुम्ही सामान काढून बघताच. या वर्षी बघताना जुन्या वाद्यांचं पोतं पण सोडा. एकेक काढा, नाव वाचा, स्लाईड हलते का बघा, पिस्टनचा "फट्" ऐका, आणि दोन सेंटिमीटर ओढून काळी 5 ला लावून बघा. लागली तर तुमच्या मास्तरच्या हातात द्या. नाही लागली तर मला निरोप द्या, बेळगावातल्या कुठल्याही जुन्या बँडवाल्याकडं विचारलं तर माझ्यापर्यंत पोचतो. मी तेल, दोन-तीन मापांची माऊथपीस आणि ते ओढायचं हत्यार घेऊन येतो, बघायचे पैसे घेत नाही.

तुमच्याच भागातला,
एक कॉर्नेट वाजवणारा
बेळगाव